भिंतीपलीकडचा युरोप

वच्छलाबाईंच्या फ्रिजच्या दारावर बोटभर उंचीचा एक लोखंडी मनोरा चिकटवलेला होता. परळीच्या त्या कॉलनीत छबुबाईंना या मनोऱ्याइतकं कशानंच छळलं नव्हतं. तसं छळायला त्या वर्षी पुष्कळ काही होतं. पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडायच्या थांबलेल्या, कारण वाफ करायलाच पाणी नव्हतं. एरवी दांडीवरच्या कपड्यांवर राख बसते म्हणून करवादणाऱ्या बायका आता त्या राखेची आठवण काढत होत्या. घरातला नळ हा नुसता भिंतीचा दागिना झाला होता आणि टँकरचा भोंगा वाजला की देवपूजेतला माणूससुद्धा घंटी टाकून घागर उचलत होता. हे सगळं छबुबाई सोसत होत्या. मनोरा मात्र सोसवत नव्हता.

वच्छलाबाई म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारीण. त्यांचे यजमान धर्मराजअण्णा साखर कारखान्याच्या कर्मचारी पतसंस्थेचे चेअरमन आणि छबुबाईंचे यजमान शहादेवराव त्याच पतसंस्थेचे सचिव. पण या दोघींचं प्रकरण पतसंस्थेपेक्षा जुनं होतं. दोघी दिंद्रुडच्या, एका वर्गातल्या. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटायचे, तेव्हा वच्छी रांगेत पुढे घुसली होती आणि तळाची शेवटची ओंजळ तिच्या ताटलीत पडली होती. सुकडीचा तो गूळकट वास छबुबाईंच्या नाकातून अजून गेला नव्हता. पुढे दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, कारखान्याच्या कॉलनीत योगायोगानं शेजारी-शेजारी घरं मिळाली. पण छबुबाईंच्या हिशेबी त्या अजून त्याच रांगेत उभ्या होत्या आणि वच्छी अजून पुढेच होती.

आदल्या उन्हाळ्यात वच्छलाबाई आणि अण्णा एका कंपनीबरोबर बसनं युरोप बघून आले. चार देश. तेव्हापासून बोलण्यात एक वाक्य युरोपाचं आल्याशिवाय त्यांना घास गिळवत नव्हता. टँकरच्या रांगेत कुणी पुढे घुसलं की, "आमी तिकडं गेलतो तवा बघितलं, लोकं कसे गुमान उभे राहत्यात," हे त्या म्हणायच्या. सुकडीच्या रांगेत घुसलेली वच्छी हे म्हणायची! छबुबाई आपली घागर दणकन खाली ठेवायच्या.

चैत्राच्या तोंडावर शहादेवरावांनी सटवा पाणाड्याला बोलावलं. वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली शिल्लक त्यांनी बोअरसाठी ठेवली होती. सटवानं तळहातावर नारळ आडवा धरून अंगण पालथं घातलं आणि वच्छलाबाईंच्या भिंतीपाशी, लिंबाच्या बुडाशी, नारळ टुण्णदिशी उभा राहिला.

"हितं हाय," सटवा म्हणाला. "मोठा झरा हाय वैनी. खालून असा भिंतीकडं चाललाय. घ्या बोअर, माझं नाव लावा."

नेमका त्याच वेळी भिंतीवरून वच्छलाबाईंचा चेहरा वर आला. "बोअर घेताव का? घ्या, घ्या. स्वित्झर्लंडला बघा, नुसतं पाणीच पाणी. तिकडं बोअर घ्यायला लागत न्हाई. आता तुमी कुटं जाणार म्हणा तिकडं!"

चेहरा खाली गेला. छबुबाईंनी सटवाच्या हातातला नारळ घेतला, पायरीवर फोडला आणि म्हणाल्या, "बोअर न्हाई. आपून युरोपला जायचं."

शहादेवराव पायरीवर बसले. "अगं, पाण्याचं काय?"

"पाणी टँकर देतोय. स्वित्झर्लंड घेऊन टँकर येत न्हाई."

घरातली जुळी, शिवकन्या आणि तिचा भाऊ वैजू, दहावीची परीक्षा देऊन रिकामी बसली होती. लग्नानंतर फार उशिरा, लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलून झालेली ही पोरं. नवसाची असल्यामुळे त्यांना रागवायचं नाही असा घरात नियम होता आणि नवसाचीच असल्यामुळे त्यांना तो नियम ठाऊक होता. बातमी कळताच दोघांनी मोबाइल घेऊन माळवद गाठलं, आणि तासाभरानं खाली येऊन जाहीर केलं की बसनं जाणं हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काम. आपण रेल्वेनं जायचं. एक पास काढला की कुठल्याही देशात चढा, कुठल्याही देशात उतरा.

छबुबाईंच्या जिवात जीव आला. वच्छी बसनं गेली होती ना? मग रेल्वेच! तेही कंपनीविना. "तुमाला कुणी नेलतं, आमी आमचं गेलतो," हे वाक्य त्यांनी त्याच दुपारी मनात पाठ करून टाकलं.

देश किती, यावर मात्र घोडं अडलं. फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. चारच. पाचवा घ्यावा तर दिवस पुरेनात. बरोबरी करायला का इतक्या लांब जायचं? छबुबाई जेवेनात. शेवटी वैजूनं नकाशात डोकं घालून एक चिमुकला देश हुडकून काढला. लिश्टनश्टाइन. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जाणारी गाडी त्याच्या पोटातून जाते.

"पण आई, गाडी तिथं थांबत न्हाई," शिवकन्या म्हणाली. "नुसती जाते. हे मोजायचं नसतं."

"कावून मोजायचं न्हाई? चाकं लागत्यात ना जमिनीला?"

"तसं म्हटलं तर विमान अख्ख्या अरबस्तानावरून जातं, ते पण मोज."

"विमानाला चाकं लागत न्हाईत जमिनीला," छबुबाई म्हणाल्या. "आणि मी खिडकीतून बघणार हाय. बघितलं की झालं. वच्छीनं तरी काय केलं? खिडकीतूनच बघितलं."

पतसंस्थेत तीस वर्षं काढलेल्या शहादेवरावांना तोंडी ठरलेलं काही ठरलंय असं वाटतच नसे. त्यांनी स्वयंपाकघरात सभा घेतली. सूचक छबुबाई, अनुमोदक वैजू. लिश्टनश्टाइन हा देश धरण्यात यावा, असा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. शिवकन्येनं सभात्याग केला, पण चहा झाल्यावर परत आली.

पुढचं वेळापत्रक शहादेवरावांनी अंगावर घेतलं, आणि परळी स्टेशनाच्या अनुभवावर उभं केलं. त्यांच्या मते गाडी ही उशिरा येण्यासाठीच असते. तेव्हा एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला मध्ये निदान अर्धा दिवस हवा. शिवाय एकानं आधी जाऊन जागेवर रुमाल टाकायला हवा. पोरांनी सांगितलं की एका जंक्शनवर मध्ये आठच मिनिटं आहेत.

"आठ मिनिटं?" शहादेवरावांनी चष्मा काढला. "आठ मिनिटांत आपल्याकडं हमाल न्हाई ठरत."

"पप्पा, तिकडं गाडी वेळेवर येते."

"येत आसंल. पण जाते पण वेळेवर, हा तोटा तुमच्या ध्यानात येईना."

माणूस बोलला खरं. त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही.

हे सगळं गुपित ठेवायचं होतं. वच्छीला कळायचं ते पॅरिसहून आलेल्या फोटोनं, असा छबुबाईंचा बेत. पण दुष्काळात गुपित राहत नाही, कारण गुपित ठेवणाऱ्यालाही पाणी भरावं लागतं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला चौघांनी मुंबईला यावं म्हणून तारीख मिळाली आणि ती नेमकी टँकरच्या दिवशी आली. टँकर चुकला तर आठवडाभर कोरडं. पिंपांना राखण कुणाला ठेवायचं? समोरच्या मालनबाईंना विचारावं तर त्या गुडघ्यानं बसलेल्या. उरली भिंत.

"वच्छलाबाई," छबुबाईंनी गोड आवाज काढला, "जरा आमचे दोन पिंप भरून घेताव का? आमाला मुंबईला जायचंय. लग्न हाय."

"कुणाचं?"

छबुबाईंना ऐन वेळी नाव सुचेना. "लांबचं हाय," त्या म्हणाल्या.

"चौघं चाललाव? दहावीच्या पोरांचे फोटो बी काढले म्हणं, पांढऱ्या पडद्यावर?" वच्छलाबाई हसल्या. "भरते की. जावा तुमी लग्नाला. आमी गेलतो तवा आमाला बी त्याच लग्नाला बोलावलं होतं."

छबुबाई घरात येऊन कोरड्या हौदाच्या काठावर बसून राहिल्या. गुपित गेलं ते गेलं, वर पिंपंही तिच्याच हातानं भरली जाणार!

त्याहून वाईट पुढेच होतं. व्हिसावाल्यांना शहादेवरावांच्या नोकरीच्या ठिकाणचं पत्र हवं होतं: यांना रजा दिली आहे आणि हे परत येणार आहेत. पत्रावर सही चेअरमनची. चेअरमन धर्मराजअण्णा. अण्णा माणूस चांगला, पण सहकारात मुरलेला. ते म्हणाले, "सचिवाला परदेशी रजा द्यायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

पहिली सभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली, कारण निम्मे संचालक चारा छावणीवर जनावरांपाशी होते. दुसऱ्या सभेला सगळे आले, आणि तेच नडलं. विषय वाचून होतो न होतो तोच बन्सी नावाचे एक संचालक उठले.

"सचिव जातेत तर एकटेच कावून? तिकडं पतसंस्था कशा चालत्यात हे सगळ्यांनी बघायला पाहिजे. आपला अभ्यास दौरा लई वर्षं झाला न्हाई."

ताबडतोब अनुमोदन मिळालं. तिसऱ्यानं दुरुस्ती सुचवली की चेअरमनसाहेब सपत्नीक असावेत, त्यांना तिकडची माहिती आहे. शहादेवराव इतिवृत्त लिहीत होते. त्यांच्या घरगुती सहलीचा बघता बघता सगळ्या संचालक मंडळाचा दौरा झाला होता.

घरी हे ऐकून छबुबाईंनी भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकलं. वच्छी! रेल्वेत! समोरच्या बाकावर! प्रत्येक स्टेशनावर "आमी मागच्या वेळेला आलतो तवा" सांगत! आणि पाचवा देश दोघींच्या खात्यावर एकदमच जमा होणार. मग जायचं कशाला?

"पडा सगळे हितंच," त्या म्हणाल्या. "मी न्हाई येत." आणि लिंबागणेशच्या गणपतीला त्यांनी दुसरा नवस बोलला. पहिला मुलं व्हावीत म्हणून होता. दुसरा वच्छी न यावी म्हणून.

देवानं ऐकलं. दुष्काळात संचालक फिरायला निघाले ही बातमी पेपरात आली तर काय, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तिसऱ्या सभेत दौरा बेमुदत तहकूब झाला. सचिवांनी स्वखर्चानं जावं आणि आल्यावर तिकडच्या सहकाराचा अहवाल द्यावा, असं ठरलं. पत्रही निघालं. इंग्रजी शिवकन्येनं लिहिलं, मजकूर मात्र वच्छलाबाईंनी अण्णांच्या मागे उभं राहून सांगितला: हे गृहस्थ नक्की परत येतील, कारण यांना दुसरीकडे जायला कुठेही जागा नाही. त्या एका वाक्यावर व्हिसा मिळाला असं अण्णा पुढे कैक दिवस सांगत होते. व्हिसा मिळाल्याचा आनंद छबुबाईंना काही धड करता आला नाही.

निघायच्या आधी सल्ला द्यायला कॉलनी लोटली. मालनबाई गुडघे धरत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिकडं संडासात पाणी नसतं म्हणं. कागद असतो."

"म्हणजे त्यांच्याकडं बी दुष्काळच की!" शहादेवरावांना एकदम युरोपाबद्दल आपुलकी वाटली.

म्हणून सामानात तांब्या गेला. धपाटे गेले, शेंगदाण्याची चटणी गेली, सटवाच्या नारळाची वाळवून केलेली चटणी गेली, ज्वारीचं पीठ गेलं, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची एक वेगळी पिशवी गेली. पोरांनी पिशवीला विरोध केला. छबुबाई म्हणाल्या, "पाणी दिसलं की भरून घ्यायचं. पुढं मिळंल न मिळंल." बहात्तरपासून ही सवय अंगात मुरलेली होती, युरोपासाठी ती काही सुटणार नव्हती.

पॅरिसला त्यांनी मनोरा बघितला. फ्रिजवरच्या मनोऱ्याशी तो हुबेहूब जुळला याचा त्यांना उगाचच राग आला. शहादेवराव एका बँकेत शिरून कर्जवसुलीची पद्धत विचारून आले. काय कळलं ते कळलं नाही, पण अहवालाचं पहिलं पान भरलं. गाड्या खरोखरच वेळेवर येत होत्या, आणि शहादेवराव प्रत्येक वेळी आधी चढून जागेवर रुमाल टाकत होते, जरी डबा रिकामा असला तरी. स्वित्झर्लंडमधली तळी बघून छबुबाईंना मात्र खरंच गलबलून आलं. एवढं पाणी, आणि काठावर घागर घेऊन एकही बाई नाही.

मग ते आठ मिनिटांचं जंक्शन आलं. पुढची गाडी ऑस्ट्रियाची. पाचव्या देशाच्या पोटातून जाणारी. शहादेवराव आणि शिवकन्या सामान घेऊन, रुमाल घेऊन पुढे पळाले. छबुबाई बाटल्यांची पिशवी घेऊन वैजूच्या मागे निघाल्या. स्टेशनाच्या दारात एक दगडी कुंड होतं. त्याच्यावरच्या पितळी तोंडातून मनगटाएवढी धार अखंड पडत होती, कुंड भरून वाहत होतं, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं.

छबुबाईंचे पाय थबकले.

"वैजू, कुणीतरी नळ चालू ठिवून गेलंय रं!"

"आई, तो तसाच असतो. चल!"

"असा कसा असंल? बंद कर आधी. चावी कुठाय?"

चावी नव्हतीच. त्यांनी कुंडाला फेरी मारली, खालून बघितलं, मागून चाचपलं. वाहत्या पाण्याकडे पाठ करून जायचं हे त्यांच्या शरीराला माहीतच नव्हतं. बंद होत नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवी उघडली आणि एकेक बाटली धारेखाली धरली. वैजू ओढत होता, त्या म्हणत होत्या, "दोनच राहिल्या." शेवटच्या बाटलीचं झाकण लावून त्या वळल्या तेव्हा गाडी हलली होती. खिडकीत शहादेवराव उभे होते. हातात रुमाल होता आणि तो हलवावा की जागेवर टाकावा हे त्यांना कळत नव्हतं.

पुढची गाडी दोन तासांनी होती. छबुबाई कुंडाच्या काठावर बसल्या. वैजूनं फोनवरून बहिणीला निरोप दिला. ते दोघं ऑस्ट्रियातल्या पहिल्या मोठ्या स्टेशनावर उतरून थांबणार होते.

"काही बिघडत न्हाई," छबुबाई स्वतःलाच म्हणाल्या. "ह्या गाडीतून बी तो देश लागतोच ना?"

"लागतो. दहा-पंधरा मिनिटं. मी सांगतो तुला, खिडकीकडं बघत बस."

गाडी आली. छबुबाई खिडकीपाशी बसल्या, पदर सावरला, आणि देवळाच्या दारात उभं राहावं तशा गंभीर झाल्या. तेवढ्यात वैजूचा फोन वाजला.

"आई, वच्छलामावशीचा व्हिडिओ आलाय."

"राहू दे."

पण नजर गेलीच. व्हिडिओत बोअरची गाडी होती. भिंत होती. भिंतीवरून डोकावणारा लिंब होता. छबुबाईंच्याच अंगणातला लिंब! आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, अगदी तिला खेटून, जमिनीतून राखाडी पाण्याचा झोत दोन पुरुष उंच उडत होता. कॉलनी गोळा झाली होती. सटवा फेटा उडवत होता. मालनबाई गुडघे विसरून उभ्या होत्या. आणि मधोमध, चिखलानं माखलेली, लुगडं चिंब झालेली, नाचणारी वच्छी.

"छबे!" ती ओरडत होती. "बघ गं! दोन इंची पाणी लागलं! सटवा म्हणला होता ना झरा भिंतीकडं चाललाय, तोच हाय! तुझ्यामुळं कळलं गं!"

छबुबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. मग तिसऱ्यांदा फोन स्वतःच्या हातात घेतला. भिंतीपासून किती अंतर आहे? हातभर? आपल्या बाजूला घेतला असता तर इकडेच लागलं असतं. नारळ इकडे उभा राहिला होता. इकडे! तो नारळ त्यांनी स्वतः पायरीवर फोडला होता, त्याची चटणी करून प्रवासाला बांधली होती.

"हा माझा झरा हाय," त्या म्हणाल्या.

"आई," वैजू खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "ऑस्ट्रिया आलं."

"आणि तो? मधला?"

"तो होऊन गेला."

छबुबाईंनी बाहेर बघितलं. डोंगर होते, हिरवं गवत होतं, पण ते आता दुसऱ्या देशाचं होतं. पाचवा देश चाकांना लागला होता. त्यांच्या डोळ्यांना लागला नव्हता.

इटलीत काय झालं ते छबुबाईंना पुढे कधीच नीट आठवलं नाही. पाण्यात उभं असलेलं एक शहर होतं एवढं आठवतं, तिथंही त्या म्हणाल्या, "हितं पण बोअर लागलाय वाटतं."

परत आल्यावर भिंतीपलीकडे वच्छलाबाई उभ्याच. हातात रबरी पाइप. "आलाव का? तुमचा हौद कोरडा ठणठणीत पडलाय. म्हणलं, माणसं थकून येतील, अंघोळीला पाणी नको का?" आणि त्यांनी पाइप भिंतीवरून अलीकडे टाकला. नाही म्हणायची सोय नव्हती. टँकर चार दिवसांनी येणार होता आणि चार माणसांच्या अंगावर पाच देशांची धूळ होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाइप भिंतीवरून यायचा. तो सरकायचा म्हणून छबुबाईंना धरून उभं राहावं लागायचं. हौद भरेपर्यंत वच्छलाबाई पलीकडे स्टुलावर चढून, भिंतीवर कोपरं टेकून बोलायच्या. आधी बोअर कसा लागला ते. मग आमी तिकडं गेलतो तवा. ज्या गोष्टी ऐकाव्या लागू नयेत म्हणून छबुबाई हजारो मैल जाऊन आल्या, त्या आता पाण्याच्या धारेबरोबर रोज ऐकणं भाग होतं, आणि मध्येच उठून जायची सोय नव्हती. स्वतःचा एकही देश काढायला त्यांना फट मिळत नव्हती. पाणी जिचं, बोलणंही तिचंच.

एक दिवस वच्छलाबाई बोलता बोलता दमल्या. दम घ्यायला थांबल्या, तेवढ्यात शिवकन्या पायरीवरून म्हणाली, "मावशी, आमचे पाच झाले. तुमचे चार."

वच्छलाबाईंचे कान टवकारले. "पाच? पाचवा कुठला?"

"लिश्टनश्टाइन," छबुबाई म्हणाल्या. नाव त्यांनी चांगलं घोटून ठेवलं होतं.

"ते काय आमाला दावलं न्हाई." वच्छलाबाई भिंतीवरून आणखी पुढे वाकल्या. "काय हाय तिथं? काय बघितलंस?"

वैजूनं आईकडे बघितलं. शिवकन्येनं वैजूकडे बघितलं. छबुबाईंनी हातातल्या पाइपाकडे बघितलं. खोटं बोलायचं म्हटलं तर लग्नाच्या वेळी जमलं नव्हतं, आताही जमणार नव्हतं.

"पाणी," त्या म्हणाल्या. "जमिनीतून असं उसळून वर येणारं. दोन पुरुष उंच. आणि एक बाई त्याच्याखाली नाचायली होती बघ, येड्यावानी. तिच्याकडं बघता बघता देश कधी सरला ते मला कळलं न्हाई."

वच्छलाबाईंची कोपरं भिंतीवरून जरा खाली घसरली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरलं. छबुबाईंनी ते ओळखलं. दिंद्रुडच्या शाळेत रिकामी ताटली हातात घेऊन आपण उभ्या होतो, तेव्हा आपला चेहरा असाच झाला असणार.

"नशीबवान हायस गं छबे," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्या बशीनं असलं काईच दावलं न्हाई."

छबुबाईंनी पाइप जरा घट्ट धरला. त्या संध्याकाळी हौद फार लवकर भरला.